हप्ते थकले, 60 दिवसांची नोटीस आली: पुढे नेमकं काय होतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पिंपरीतल्या फ्लॅटवर बँकेचं गृहकर्ज आहे, नोकरी गेल्यामुळे सात हप्ते थकले आणि 28 लाखांची 60 दिवसांची नोटीस आली. शिवाय गावच्या पतसंस्थेचं 4 लाखांचं कर्ज आहे. त्याला मामा जामीनदार आहेत आणि कर्ज घेताना सह्या केलेले कोरे चेक दिलेले आहेत. आता 40,000 पगाराची नवी नोकरी लागली आहे. अटक होईल का, घर कधी जाईल आणि मामांवर काय येईल, असे तुमचे तीन प्रश्न आहेत.

आधी अटकेचं बोलू, कारण झोप त्यानेच उडालेली असते. कर्ज फेडता न येणं हा आपल्याकडे गुन्हा नाही. तो कराराचा भंग आहे, त्याची वसुली दिवाणी मार्गानेच होते, आणि ‘उद्या पोलीस घेऊन येतो’ असं फोनवर सांगणाऱ्या माणसाला तसा कोणताही अधिकार नाही. दिवाणी हुकूमनाम्याच्या वसुलीसाठी दिवाणी कैदेची तरतूद आहे खरी. पण ऐपत असून माणूस मुद्दाम देत नाही, मालमत्ता लबाडीने दुसऱ्याच्या नावावर केली आहे किंवा तो पळून जाण्याच्या बेतात आहे, अशी न्यायालयाची खात्री पटावी लागते. सर्वोच्च न्यायालयाने 1980 सालीच स्पष्ट केलं की नुसत्या गरिबीपोटी कुणाला आत टाकता येत नाही. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी स्त्रीला तर अटक करताच येत नाही.

गुन्हा होतो तो वेगळ्या कारणांनी. खोट्या पगारपावत्या किंवा बनावट आयकर विवरणपत्रं लावून कर्ज घेतलं असेल, एकच फ्लॅट दोन बँकांकडे गहाण टाकला असेल, कर्जावरची गाडी बँकेला न कळवता विकली असेल, तर फसवणुकीचा गुन्हा दाखल होऊ शकतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम 318(4) खाली त्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. दुसरा फौजदारी धोका चेकचा. तुमच्या बाबतीत तो खरा आहे, त्याकडे पुढे येतो.

आता घराचं. सलग 90 दिवसांहून जास्त काळ हप्ता थकला की बँक खातं एनपीएत टाकते, म्हणजे अनुत्पादित ठरवते. त्याआधी 30, 60 आणि 90 दिवसांचे तीन टप्पे असतात. त्या काळात शाखा व्यवस्थापकाच्या हातात बरंच काही असतं: मुदत वाढवणं, हप्त्याची फेररचना, थोडा अवधी. एनपीए झाल्यावर फाईल शाखेतून वसुली विभागाकडे जाते आणि बोलणारा माणूसच बदलतो. खातं पुन्हा नियमित व्हायला एखाददुसरा हप्ता भरून भागत नाही. व्याज आणि मुद्दल मिळून सगळी थकबाकी भरावी लागते, असं रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर 2021 मध्ये स्पष्ट केलं आहे. ‘दोन हप्ते भरले तरी कारवाई सुरूच आहे’ ही तक्रार सतत ऐकू येते, तिचं कारण हे.

तुमच्या हातातली नोटीस सरफेसी कायद्याच्या, म्हणजे 2002 च्या कायद्याच्या, कलम 13(2) खालची आहे. या कायद्यामुळे बँकेला गहाण मालमत्ता विकण्यासाठी दावा लावावा लागत नाही, आणि दिवाणी न्यायालयात जाऊन मनाई हुकूमही मिळत नाही, कारण कलम 34 ने ते दार बंद केलं आहे. ही नोटीस नीट वाचा. एकूण मागणी किती, ती कोणत्या तारखेपर्यंतची आणि कोणती मालमत्ता तारण, हा तपशील तिच्यात असावाच लागतो. फ्लॅटचा क्रमांक, मजला, चतु:सीमा करारनाम्याशी ताडून पाहा. मग बँकेकडून कर्ज सुरू झाल्यापासूनचा पूर्ण खातेउतारा लेखी मागा आणि दंडाच्या नोंदींवर बोट ठेवून खाली या. रिझर्व्ह बँकेच्या 18 ऑगस्ट 2023 च्या परिपत्रकानंतर दंडव्याज लावायला मनाई आहे. जो काही दंड असेल तो वेगळा आकार म्हणून दाखवावा लागतो आणि त्यावर पुन्हा व्याज चढवता येत नाही. नव्या कर्जांना हा नियम 1 एप्रिल 2024 पासून लागू झाला आणि जुनी कर्जं 30 जून 2024 पर्यंत त्यात आणायची होती. त्यानंतरच्या उताऱ्यात दंड मुद्दलात मिसळलेला दिसला तर तो तुमचा पहिला आक्षेप.

आक्षेप लेखीच द्यायचे, पोचपावती घ्यायची आणि एक प्रत स्पीड पोस्टाने पाठवायची. बँकेने 15 दिवसांत सकारण उत्तर द्यायचं असतं. त्या उत्तराविरुद्ध लगेच न्यायाधिकरणात जाता येत नाही, आणि उत्तर आलं नाही एवढ्याच कारणावर पुढची सगळी कारवाई कोसळेल असंही समजू नका. तरीही हे पत्र अत्यंत महत्त्वाचं आहे, कारण पुढे जे काही भांडाल त्याची पहिली नोंद तेच असतं. एक बारकावा: 60 दिवस मोजले जातात ते नोटिशीच्या तारखेपासून. लिफाफा पोस्टात पडून राहिला, शेजाऱ्याने उशिरा दिला, यात दिवस वाया जातात. ‘घेण्यास नकार’ असा पोस्टमनचा शेरा घेऊन परत गेलेली नोटीसही कायद्याच्या नजरेत पोचलेलीच असते. नोटीस नाकारून आजवर कुणाचं घर वाचलेलं नाही. फक्त त्या माणसाला तारखा कळेनाशा होतात.

आणखी एक चूक या 60 दिवसांत हमखास होते. कुणीतरी सल्ला देतो, फ्लॅट बायकोच्या नावे बक्षीसपत्र करून टाक. ही नोटीस मिळाल्यानंतर बँकेच्या लेखी परवानगीशिवाय तारण मालमत्ता विकता, भाड्याने किंवा बक्षीस देता येत नाही. तसं केलं तर कलम 29 खाली एक वर्षापर्यंत कैद आहे. मालमत्तेवरचं गहाण तर तसंच राहतं. उलट प्रामाणिक थकबाकीदार म्हणून तुमची जी बाजू होती, ती स्वतःच्या हाताने घालवली जाते.

60 दिवस उलटले की बँकेचा प्राधिकृत अधिकारी कलम 13(4) खाली ताबा घेतो. सहसा तो आधी प्रतीकात्मक असतो: दारावर ताबा सूचना चिकटवतात, फोटो काढतात आणि सात दिवसांत ती दोन वर्तमानपत्रांत छापतात. त्यातलं एक स्थानिक भाषेतलं, म्हणजे आपल्याकडे मराठी, असावं लागतं. घरात तुम्हीच राहत असता, म्हणून लोकांना वाटतं की अजून काही झालेलं नाही. पण घड्याळ इथेच सुरू होतं. कर्जवसुली न्यायाधिकरणात, म्हणजे डीआरटीत, कलम 17 खाली अर्ज करायला 45 दिवस असतात आणि प्रतीकात्मक ताबा हीसुद्धा कारवाईच धरली जाते. दारावरचा तो कागद फाडून टाकू नका. त्यावरची तारीख दिसेल असा फोटो काढा आणि वर्तमानपत्राचं ते पान जपून ठेवा.

तुमचं प्रकरण पुण्याच्या डीआरटीत जाईल. राज्यात मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथेही न्यायाधिकरणं आहेत. या अर्जासाठी आधी काही टक्के रक्कम भरण्याची सक्ती नाही. मूळ कायद्यात 75 टक्के भरण्याची अट होती, ती सर्वोच्च न्यायालयाने 2004 साली मार्डिया केमिकल्सच्या निकालात रद्द केली. फक्त शुल्क लागतं. दहा लाखांच्या मागणीला 5,000 रुपये, पुढच्या प्रत्येक लाखाला 250, कमाल एक लाख. म्हणजे 28 लाखांच्या मागणीवर 9,500 रुपये. मात्र स्थगिती मागाल तेव्हा न्यायाधिकरण बहुधा विचारतं, किती भरताय? त्या दिवशी हातात काहीतरी रक्कम आणि उरलेली कशी भरणार याचा कागद असेल तर स्थगितीची शक्यता पुष्कळ वाढते. डीआरटीत हरल्यास मुंबईच्या अपिली न्यायाधिकरणात 30 दिवसांत जाता येतं, पण तिथे मागणीच्या 50 टक्के रक्कम जमा करावी लागते. न्यायाधिकरण ती कमी करू शकतं, पण 25 टक्क्यांच्या खाली नाही. म्हणून खरी लढाई पहिल्याच पायरीवर लढायची असते. थेट उच्च न्यायालयात रिट करण्याचा मोह होतो. कायद्यात दुसरा उपाय असताना उच्च न्यायालय अशी याचिका सहसा ऐकत नाही, आणि तोवर 45 दिवस उलटून गेलेले असतात.

डीआरटीत काय चालतं आणि काय नाही, हे सरळ सांगतो. ‘नोकरी गेली होती’ हा बचाव नाही, ती फार तर सवलतीची विनंती. नोटीस चुकीच्या पत्त्यावर गेली, खातं एनपीए केल्याची तारीख उताऱ्याशी जुळत नाही, आक्षेपांना उत्तर नाही, ताबा सूचना मराठी वर्तमानपत्रात छापलीच नाही, लिलावाआधी 30 दिवसांची नोटीस दिली नाही, मूल्यांकन मान्यताप्राप्त मूल्यांककाकडून करून घेतलं नाही: असे मुद्दे चालतात. बँकेने आपला बोजा सेरसाई या केंद्रीय नोंदणीत नोंदवला आहे का हेही पाहा, कारण नोंदणी नसेल तर 24 जानेवारी 2020 पासून सरफेसीखाली कारवाई करता येत नाही. मागणी मूळ मुद्दल आणि त्यावरच्या व्याजाच्या 20 टक्क्यांहून कमी उरली असेल तर हा कायदा लागूच होत नाही. जुन्या, बरंच फेडलेल्या कर्जांत हा मुद्दा हमखास तपासावा.

प्रत्यक्ष ताबा सहसा जिल्हाधिकारी किंवा मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांच्या कलम 14 खालच्या आदेशाने घेतला जातो. तिथे आपली बाजू मांडायला मिळेल या आशेवर लोक बसतात. ते काम निव्वळ प्रशासकीय आहे, वादाचा निवाडा तिथे होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2022 साली महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सांगितलं. आदेशासाठी कायद्यात 30 दिवस आहेत, कारणं नोंदवून ते एकूण 60 पर्यंत वाढवता येतात. प्रत्यक्षात कामाच्या बोज्यामुळे याहून जास्त वेळ जातो, पण त्या उशिरावर घराचा हिशेब मांडू नये. आदेशानंतर तहसीलदार किंवा नेमलेला अधिकारी पोलीस बंदोबस्तात येतो, पंचनामा होतो, सामानाची यादी होते आणि कुलूप लागतं. भांडी, कपाटं, मुलांची दप्तरं, कागदपत्रं ही बँकेकडे गहाण नसतात. यादीची प्रत मागून घ्या. त्याच दिवशी निदान औषधं, शैक्षणिक दाखले आणि दागिने बाहेर काढा. कुलूप लागल्यावर एक फाईल काढायलाही अर्ज-विनंत्या कराव्या लागतात.

घर वाचवण्याची शेवटची घडी कोणती, हे बहुतेकांना चुकीचं माहीत असतं. लिलावाच्या दिवशी पैसे घेऊन जाऊ, असं वाटतं. पूर्वी विक्री पूर्ण होईपर्यंत सोडवून घेण्याचा हक्क होता. 2016 च्या दुरुस्तीनंतर लिलावाची जाहीर सूचना प्रसिद्ध होईपर्यंतच तो उरला आहे, आणि 2023 साली बाफना मोटर्सच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. त्या निकालात कर्जदाराने लिलाव झाल्यावर, बोली लागल्यापेक्षाही जास्त रक्कम द्यायची तयारी दाखवली होती. तरी मालमत्ता बोली जिंकणाऱ्यालाच मिळाली. तेव्हा पैसे कुठून उभे करायचे असतील तर ती जाहिरात येण्याआधी.

आणि उभे होत नसतील, तर माझा आग्रहाचा सल्ला एकच: फ्लॅट स्वतः विका. लिलावात राखीव किंमत मूल्यांकनावरून ठरते, घर ‘जसे आहे जेथे आहे’ तत्त्वावर जातं, सोसायटीची थकबाकी आणि मालमत्ता कर खरेदीदाराच्या माथी येतो, बोली जिंकणाऱ्याला 25 टक्के त्याच किंवा दुसऱ्या कामकाजाच्या दिवशी आणि उरलेले साधारण 15 दिवसांत भरावे लागतात. एवढ्या घाईत गृहकर्ज काढून येणारे गिऱ्हाईक थोडे, त्यामुळे भाव पडतो. समजा बाजारात 42 लाखांना जाणारा फ्लॅट लिलावात 33 ला गेला आणि देणं खर्चासह 30 झालं, तर तुमच्या हाती 3 लाख येतील. तोच तुम्ही 41 ला विकलात तर 11. वरची शिल्लक कर्जदाराला परत करणं बँकेवर बंधनकारक आहे. उलट विक्रीतून देणं फिटलं नाही, तर उरलेल्या रकमेसाठी बँक पुन्हा दावा लावू शकते: 20 लाखांपासून पुढे डीआरटीत, त्याखाली दिवाणी न्यायालयात. घर गेलं म्हणजे कर्ज संपलं असं नसतं.

स्वतः विकण्याची रीत अशी. बँकेला पत्र देऊन विक्रीची परवानगी आणि खातं बंद करण्याच्या नेमक्या रकमेचं पत्र मागायचं. खरेदीदाराशी करार करताना बँकेचं देणं त्यात स्पष्ट लिहायचं. खरेदीदार कर्ज काढणार असेल तर त्याच्या बँकेचा धनादेश थेट तुमच्या कर्जखात्यावर काढून घ्यायचा आणि उरलेले पैसे तुम्हाला. बँका याला सहसा तयार असतात, कारण त्यांनाही लिलावाची कटकट नकोच असते. टोकनची रक्कम घेतल्यावर ती घरखर्चात वापरू नका, सरळ कर्जखात्यात भरा. त्याने बँकेचा विश्वास बसतो आणि लिलावाची जाहिरात लांबण्याची शक्यता वाढते.

एकरकमी तडजोडीबद्दलही, म्हणजे ओटीएसबद्दलही, विचार चालू असेल. ओटीएस हा कर्जदाराचा हक्क नाही, बँकेच्या मर्जीचा भाग आहे. न्यायालय बँकेला तडजोड करायला भाग पाडू शकत नाही, हे डिसेंबर 2021 मध्ये ठरलं. शिवाय भरभक्कम तारण असलेल्या गृहकर्जात बँक मोठी सूट का देईल, याचा विचार करा. ती मिळते ती बिनतारणी कर्जात, किंवा तारणाची किंमत देण्यापेक्षा कमी असेल तेव्हा. तडजोड झाली तर मंजुरीपत्रातली तारीख एक दिवसही चुकवू नका, नाहीतर मंजूर सूट रद्द होऊन पूर्ण देणं पुन्हा उभं राहतं. सिबिलच्या नोंदीत तडजोडीचं खातं ‘सेटल्ड’ दिसतं, ‘क्लोज्ड’ नाही. पुढची कित्येक वर्षं कर्ज देणारा अधिकारी तो एक शब्द पाहून फाईल बाजूला ठेवतो.

आता पतसंस्था. इथे कायदाच वेगळा आहे. सरफेसी सहकारी बँकांना लागू होतो, कोल्हापूर जिल्ह्यातल्या मुरगूडच्या एका सहकारी बँकेच्या प्रकरणातच 2020 साली घटनापीठाने ते ठरवलं, पण पतसंस्था म्हणजे बँक नव्हे. ती महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 च्या कलम 101 खाली निबंधकाकडे वसुली दाखल्यासाठी अर्ज करते. तुम्ही आणि मामा, दोघेही त्यात जाबदेणार असाल. उपनिबंधक किंवा सहाय्यक निबंधक कार्यालयातून सुनावणीची नोटीस येते, आणि बहुतेक लोक तिथे जातच नाहीत. माझ्या मते या साऱ्या प्रवासातली सर्वांत महागडी चूक हीच. एकदा दाखला निघाला की देणं सिद्ध झालं असं धरलं जातं. त्याविरुद्ध कलम 154 खाली पुनरीक्षण अर्ज करायचा तर आधी देण्याच्या 50 टक्के भरावे लागतात. म्हणजे जो आक्षेप सुनावणीला जाऊन फुकट घेता आला असता, त्यासाठी नंतर दोन लाख मोजायचे. सुनावणीला जा. कर्जरोखा, मंजुरीपत्र आणि खातेउताऱ्याच्या प्रती मागा. मंजुरीपत्रातला व्याजदर आणि उताऱ्यातला व्याजदर ताडून पाहा. भरलेल्या रकमेच्या पावत्यांची यादी लेखी म्हणण्यासोबत जोडा. पिग्मीचे किंवा शेअर्सचे पैसे कर्जात जमा धरले आहेत का, हेही विचारा.

दाखला निघाल्यावर विशेष वसुली व विक्री अधिकारी मागणी नोटीस काढतो, आणि मग जप्ती: बँक खातं, वाहन, घर, जमीन. सात-बाराच्या इतर हक्कांत बोजा चढतो. सरफेसीतून शेतजमिनीला सूट आहे, म्हणून मामांची जमीन सुरक्षित, असं समजू नका. ती सूट त्या कायद्यापुरती आहे. कलम 101 च्या वसुलीत शेतजमीनही जप्त होऊन विकली जाऊ शकते. मात्र इथे एक सोय आहे, जी सरफेसीत नाही. नियम 107 प्रमाणे स्थावर मालमत्तेचा लिलाव झाल्यावरही 30 दिवसांच्या आत जाहीरनाम्यातली थकबाकी आणि खरेदीदारासाठी बोलीच्या 5 टक्के रक्कम भरली, तर विक्री रद्द करून घेता येते. गावाकडे ही गोष्ट माहीत नसल्यामुळे जमिनी जातात.

मामांच्या बाबतीत कायदा कठोर आहे. जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, संस्थेने आधी तुमच्या मागे लागावं असं त्यांना म्हणता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1968 पासून हेच धरलं आहे. संस्था नेमकी त्याच्याच मागे लागते ज्याचा पगार नियमित आहे किंवा ज्याच्या नावे जमीन आहे. ‘मी फक्त सही केली होती’ हे वाक्य तिथे चालत नाही. पण मामांना एक हक्क आहे. त्यांनी जे भरलं ते सगळं तुमच्याकडून वसूल करता येतं, आणि पूर्ण देणं फेडलं तर संस्थेकडे असलेलं तारण त्यांच्या हक्कात येतं. दोन जामीनदार असतील आणि एकानेच सगळं भरलं, तर तो दुसऱ्याकडून निम्मं मागू शकतो. म्हणून मामांनी जे भरायचं ते संस्थेच्या पावतीवर, स्वतःच्या नावे, ‘जामीनदार म्हणून भरणा’ असा शेरा घेऊनच भरावं. नात्यात बोलायला अवघड जातं, पण त्यांना आलेल्या नोटिशीची तारीख तुम्ही विचारून घ्या. कारण संकोचापोटी ते तुम्हाला सांगणार नाहीत.

पगाराचा हिशेब लोकांना भीतीपेक्षा बरा निघतो. दिवाणी हुकूमनाम्याच्या वसुलीत पहिले 1,000 रुपये आणि उरलेल्याच्या दोन तृतीयांश पगाराला हात लावता येत नाही. म्हणजे 40,000 वर ढोबळमानाने 13,000 जप्त होऊ शकतात, 27,000 घरी येतात. भविष्य निर्वाह निधी या जप्तीतून मोकळा असतो. कारागिराची अवजारंही.

आता ते कोरे चेक. ‘तारण म्हणून दिले होते’ किंवा ‘रक्कम त्यांनी भरली’ यावर फार विसंबू नका. सही तुमची असेल तर तो चेक देण्यापोटीच दिला असं न्यायालय गृहीत धरतं, आणि उलट सिद्ध करण्याची जबाबदारी तुमच्यावर येते. ज्या दिवशी देणं खरोखर थकलेलं असतं, त्या दिवशी तारणाचा चेकही कलम 138 मध्ये, म्हणजे चेक न वटण्याच्या गुन्ह्यात, बसतो. बचाव टिकतो तो रकमेचा. देणं अडीच लाख उरलेलं असताना चेकवर चार लाख भरले असतील आणि पावत्या तुमच्या हातात असतील, तर प्रकरण ढासळू शकतं.

या कलमात दिवसांना फार महत्त्व आहे. चेक परत आल्याचं संस्थेला कळल्यापासून 30 दिवसांत तिने तुम्हाला मागणी नोटीस पाठवायची. नोटीस तुम्हाला 20 मार्चला मिळाली, तर 4 एप्रिलपर्यंत, म्हणजे 15 दिवस, पैसे भरण्याची मुभा. ते भरले तर गुन्हाच होत नाही. न भरल्यास 5 एप्रिलपासून एक महिन्यात तक्रार दाखल व्हायला हवी. यातली एखादी मुदत चुकली तर तो मुद्दा पहिल्याच तारखेला मांडायचा. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. खटला चालू असतानाच न्यायालय 20 टक्क्यांपर्यंत अंतरिम भरपाई द्यायला सांगू शकतं. खात्यातून आपोआप जाणारा हप्ता पैसे नसल्याने परत गेला, तर 2007 च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याच्या कलम 25 खाली असाच गुन्हा होतो, हे फार थोड्यांना माहीत असतं. अशा खटल्यातला समन्स मिळाल्यावर तारखेला गैरहजर राहू नका. कर्जात अटक होत नाही, पण समन्स डावलल्यावर वॉरंट निघतं, आणि मग घरी आलेले पोलीस ‘कर्जासाठी’ आले असं गावात पसरतं.

लोकअदालतीची नोटीस मात्र वेगळी. ती आली की घरात रडारड होते, आणि खरं तर ती तडजोडीचं आमंत्रण असते. जाऊन बसा, पण परवडणार नाही असा आकडा तिथल्या गडबडीत कबूल करू नका. लोकअदालतीत झालेला निवाडा हुकूमनाम्याइतकाच बंधनकारक असतो आणि त्यावर अपील नाही.

मुदतीचाही एक सापळा आहे. बिनतारणी कर्जाच्या वसुलीचा दावा साधारण तीन वर्षांत लावावा लागतो, गहाणावरच्या वसुलीला 12 वर्षं मिळतात. मुदत संपत आली की शाखेतून गोड आवाजात फोन येतो: ‘फक्त 500 रुपये भरा आणि या शिल्लक-कबुलीवर सही करा.’ मुदत संपण्याआधी केलेली ती सही किंवा तुमच्या सहीच्या स्लिपने भरलेली ती रक्कम मुदत पुन्हा पहिल्यापासून सुरू करते. देणं खरं असेल तर ते फेडावंच, या मताचा मी आहे. पण सही कशावर करतोय हे माहीत असलं पाहिजे.

वसुलीसाठी येणाऱ्या माणसांबद्दल: रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट 2022 च्या परिपत्रकाप्रमाणे सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर वसुलीसाठी फोन करता येत नाही. नातेवाइकांना, कार्यालयातल्या लोकांना फोन करून बदनामी करणं, शिवीगाळ, धमकी हे सगळं निषिद्ध आहे. ओळखपत्र आणि बँकेचं अधिकारपत्र मागा. त्याच्या हातात रोख देऊ नका, दिलीच तर बँकेची छापील पावती घ्या. तारीख-वेळ लिहून ठेवा, फोनची नोंद जपा आणि आधी बँकेकडे लेखी तक्रार करा. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क जाता येतं. पतसंस्था मात्र लोकपालाच्या कक्षेत येत नाही, तिच्याविरुद्ध निबंधकाकडे जायचं.

हल्ली ‘कर्जमुक्ती करून देतो’ म्हणणाऱ्या कंपन्यांचा सुळसुळाट झाला आहे. त्या महिन्याला शुल्क घेतात, बँकेचा फोन उचलू नका म्हणतात आणि छापील नमुन्याची पत्रं पाठवतात. त्या पत्रांनी 60 दिवसही थांबत नाहीत आणि 45 दिवसही. तेच पैसे कर्जखात्यात भरलेले बरे.

कर्ज फिटलं की कागद सोडवायला विसरू नका. पूर्ण फेड झाल्यावर 30 दिवसांत मूळ दस्तऐवज परत द्यायचे आणि बोजा उतरवायचा, उशीर बँकेमुळे झाला तर दिवसाला 5,000 रुपये भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा नियम 1 डिसेंबर 2023 पासून आहे. बँकेकडे दिलेल्या कागदांची मूळ यादी शोधून काढा आणि एकेक कागद ताडून सही करा: करारनामा, इंडेक्स दोन, नोंदणीची पावती, सोसायटीचं भागपत्र. पतसंस्थेकडून बेबाकी दाखला घ्या, उरलेले कोरे चेक क्रमांकानिशी परत मागा, आणि मामांच्या सात-बाऱ्यावर बोजा चढला असेल तर तो दाखला घेऊन तलाठ्याकडे बोजा कमी करण्याचा अर्ज द्या. फेरफार मंजूर होऊन नवा उतारा हातात पडेपर्यंत पाठपुरावा सोडू नका.